ऑनलाइन साथसंगत: झूम, सोनोबस, जॅम्युलस की निन्जॅम?

तबलजी हडपसरला, तुम्ही कोथरूडला, आणि संध्याकाळच्या ट्रॅफिकमधून तबला-डग्गा घेऊन कोण येणार म्हणून ऑनलाइन रियाजाचा विचार चालू असेल तर आधी एक आकडा डोक्यात ठेवा, २५ ते ३० मिलिसेकंद. एकाचा आवाज दुसऱ्याच्या कानात तेवढ्यात पोचला तर लयीत वाजवता येतं, समोरासमोरसुद्धा ८-९ मीटर लांब बसलेल्याचा ठेका साधारण २५ मिलिसेकंद उशिराच ऐकू येतो. त्याच्या पुढे गेलं की तुम्ही त्याच्यासाठी थांबता, तो तुमच्यासाठी थांबतो आणि लय पडत जाते.

झूम, मीट इथेच बाद, डिले सहज १०० च्या पुढे. झूमचं ओरिजिनल साउंड चालू केलं तर तानपुरा नॉइज समजून कापला जात नाही हे खरं, पण डिले तसाच राहतो. शिकवणीला मात्र हेच चांगलं, गुरुजी आधी गातात, मग तुम्ही, एकत्र गायचंच नसतं.

दोघंच असाल तर माझं मत सरळ सोनोबसला. फुकट आहे, फोनवरही चालतं आणि आवाज थेट एकमेकांकडे जातो. चार-पाच जण असतील तर जॅम्युलस, तेही फुकट, सगळ्यांचा आवाज एका सर्व्हरवर मिक्स होऊन परत येतो, फक्त सर्व्हर जवळचा बघा, युरोपातला निवडलात तर सगळं मुसळ केरात.

आणि प्लीज लॅन केबल लावा. वायफायवर आवाज तुटतो, ब्लूटूथ हेडफोन तर एकटाच १००-२०० मिलिसेकंद खातो, मग कुठलंही ॲप घ्या काही उपयोग नाही. विंडोज असेल तर ॲसिओ ड्रायव्हर (साउंड कार्डचा डिले कमी करणारं सॉफ्टवेअर) हवाच. दोघांचं इंटरनेट एकाच कंपनीचं असेल तर बरं, नाहीतर कोथरूडचा डेटा मुंबईला वळसा घालून हडपसरला जाऊ शकतो.

आता मित्र कॅलिफोर्नियात असेल तर? अंतर १३,००० किमीच्या वर, फायबरमधून प्रकाश मिलिसेकंदाला २०० किमी जातो, म्हणजे ६५ मिलिसेकंद तर निसर्गच घेतो, पैसे टाकून ते कमी होत नाहीत. इथे निन्जॅम बघा. ते डिले कमी करायच्या भानगडीतच पडत नाही, उलट मुद्दाम एक अख्खं आवर्तन उशिरा ऐकवतं. इंटरव्हल, म्हणजे किती मात्रा उशिरा ऐकवायचं ते, १६ मात्रांचा ठेवला की झाला तीनताल, आणि लेहरा (तबला सोलोमागे वाजत राहणारी आवर्तनभराची धून) दर आवर्तनाला तोच असल्यामुळे मागच्या आवर्तनाचा लेहरा ऐकत तबला सोलो वाजवला तरी सम बरोबर सापडते! मला तरी हे आपल्या तालासाठीच बनवल्यासारखं वाटतं. पण लय ठरलेली असते, हळूहळू वाढवत द्रुतकडे नेणं नाही जमत, आणि गायकाच्या जागेला लगेच दाद देणारी साथ तर नाहीच नाही. ते हवं असेल तर त्याने गाऊन रेकॉर्डिंग पाठवावं, तुम्ही त्यावर तबला चढवावा, किंवा तो डिसेंबरात पुण्यात येईपर्यंत थांबा.