नमुना टसरचा, ठाण पॉलिस्टरचं

मी छत्रपती संभाजीनगरात राहते. कापडावर हाताने रंगवून ओढण्या, साड्या करते. जैसलमेरजवळ समच्या वाळूच्या टेकड्या पाहून आले, तेव्हापासून माझं बरंचसं काम वाळवंटावरच चालतं. वाऱ्याने पडलेल्या लाटा, एखादं खेजडीचं झाड, टेकडीच्या एका अंगाला तांबूस सावली. याला टसर, म्हणजे रानकिड्यांचं रेशीमच हवं. त्याचा मूळचा मधाळ रंग म्हणजे वाळूच, जमीन वेगळी रंगवावी लागत नाही.

दिवाळीआधी दहा ओढण्यांची ऑर्डर आली. एका प्रदर्शनात टसरवाला भेटला, त्याने हातभर नमुना दिला. घरी येऊन त्यावर रेशमावर वापरायचा पातळ रंग लावला आणि तो ओला असतानाच जाडं मीठ टाकलं. मिठाचा खडा भोवतीचा रंग ओढून घेतो. वाळल्यावर मीठ झटकलं की वाळूसारखी दाणेदार नक्षी उरते. नमुन्यावर ती इतकी सुरेख उमटली की मी 780 रुपये मीटरने 25 मीटरचे 19,500 रुपये आगाऊ भरून टाकले.

ठाण आलं. रंग तोच, सुताच्या गाठीही तशाच. न तपासता मी दहा तुकडे कापले. तिथेच चुकले. पहिल्या ओढणीवर मिठाचे खडे नुसते बसून राहिले, रंग ओघळून कडेला साचला. वाटलं, हवा दमट असेल. रंग पक्का करायला उलट्या बाजूने इस्त्री फिरवली, तर कापड आकसलं आणि तळहाताएवढा भाग चकाकायला लागला. पोटात धस्स झालं.

तुकडा घेऊन पैठणला ओळखीच्या विणकर मामांकडे गेले. त्यांनी उभा एक, आडवा एक धागा काढून काडी लावली. दोन्ही वितळले, टोकाला काळी टणक गोळी झाली. "ताई, रेशीम जळलं की केस जळाल्यावानी वास येतो, राख चिमटीत चुरते. हे पलिष्टर हाय."

टसरवाल्याला फोन केला, तर म्हणे, "मॅडम, इस्त्री जास्त गरम झाली असेल." दुसऱ्या दिवसापासून फोन लागेना. ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार नोंदवली. पण पुरावा काय, तर एक चिठ्ठी: 'कापड 25 मी.' त्यावर टसर हा शब्द नाही, जीएसटी क्रमांक नाही, पत्ता नाही. पैसे आजवर मिळालेले नाहीत. ऑर्डर देणाऱ्या ताईंना खरं सांगून त्यांची आगाऊ रक्कम परत केली.

बिलावर 'टसर रेशीम' असं लिहून घ्या, शुद्ध रेशमाची खूण असलेलं सिल्क मार्कचं लेबल मागा. नमुन्यावर जाऊ नका. आलेल्या ठाणातूनच धागे काढून जाळा, आणि उभे-आडवे दोन्ही, कारण मिश्र कापडात कधीकधी एकाच बाजूला रेशीम असतं. कात्री त्यानंतर.

मागच्या महिन्यात माझ्या मैत्रिणीला तोच माणूस लातूरच्या प्रदर्शनात दिसला. हातात तसाच टसरचा नमुना होता.