बँकेत वर्षभर शिकाऊ: सरकारी बँक घ्यावी की सहकारी?

बी.कॉम.चा निकाल लागला की सांगलीत घरोघरी एकच चर्चा सुरू होते. बँक भरती परीक्षेचा क्लास लावायचा, की आधी वर्षभर एखाद्या बँकेत शिकाऊ म्हणून जायचं? दोन वर्षांपूर्वी मी आणि माझी मैत्रीण याच पेचात होतो. मी राष्ट्रीयीकृत बँकेची अप्रेंटिसशिप घेतली आणि मला तासगाव तालुक्यातली शाखा मिळाली. मैत्रीण सांगलीतल्या एका नागरी सहकारी बँकेत ट्रेनी म्हणून लागली. दर रविवारी संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर भडंगाचा पुडा मधे ठेवून आम्ही आठवडाभराचं एकमेकींना सांगायचो. यंदा माझी चुलत बहीण त्याच पेचात आहे, म्हणून ते सगळं नीट लिहून काढतेय.

आधी एक गोष्ट, जी आम्हाला वेळेवर कुणी सांगितली नाही. सरकारी बँकेची अप्रेंटिसशिप १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली चालते. पदवीनंतर कुठेही एक वर्ष किंवा जास्त नोकरी वा प्रशिक्षण झालं असेल, तर तिथे अर्ज करता येत नाही. एकदा अप्रेंटिसशिप केली असेल तरीही नाही. माझ्या मैत्रिणीला हे कळलं तेव्हा तिचं सहकारी बँकेतलं वर्ष पुरं झालं होतं आणि समोर एक चांगली जाहिरात होती. तिला फॉर्म भरता आला नाही. मला मात्र अप्रेंटिसशिप संपल्यावर कुठल्याही सहकारी बँकेत जायची मोकळीक होती. दोन्हीकडे ओढ असेल तर क्रम हाच ठेवा: आधी सरकारी, मग सहकारी.

पैशाचं थोडक्यात सांगते. पदवीधर शिकाऊंसाठी दरमहा किमान ९,००० रुपये २०१९ च्या नियमांत ठरले होते आणि त्यातले ४,५०० केंद्र सरकार थेट खात्यात जमा करायचं. पुष्कळ बँका याहून जास्त देतात, स्टेट बँकेच्या जाहिरातीत १५,००० होते. मला दहा हजार मिळायचे, मैत्रिणीला आठ. पण माझा एसटीचा पास आणि बाहेरचं खाणं वजा केलं की दोघींच्या हातात जवळपास सारखेच उरायचे. ती सायकलवर दहा मिनिटांत घरी पोचायची, मला सातच्या आत घर दिसायचं नाही. नोकरीची हमी दोन्हीकडे नाही. सरकारी बँका तर ते जाहिरातीतच लिहितात.

खरा फरक कामात आहे.

माझे पहिले दोन महिने केवायसीत, म्हणजे ग्राहकाच्या ओळखीचे कागद तपासण्यात गेले. आधारच्या झेरॉक्सवर सही घ्यायची, फोटो चिकटवायचा, फॉर्म फाइलला लावायचा. शिकाऊला सिस्टिमचं लॉगिन मिळत नाही. एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने तपासून पास करायची, ही शिस्त मी शेजारी उभी राहून पाहिली. एकदा मी खातं उघडण्याच्या फॉर्मवर मोबाइल नंबरचा एक आकडा चुकीचा लिहिला. तपासणाऱ्या मॅडमनी तो पकडला नसता, तर त्या माणसाच्या खात्याचे सगळे मेसेज भलत्याच माणसाला गेले असते. त्या दिवसापासून मी प्रत्येक नंबर ग्राहकाला मोठ्याने वाचून दाखवते. दोन महिने एकच काम दिल्याचा तेव्हा राग आला होता. एवढे दिवस कुणालाही नुसतं फायलीत बसवू नये, हे माझं मत आजही कायम आहे. मी मॅनेजरसाहेबांना सरळ विचारलं, तेव्हा त्यांनी मला पीककर्जाच्या टेबलावर बसवलं. तुम्हीही विचारा, गप्प राहिलात तर वर्ष तसंच निघून जाईल.

पीककर्जाच्या टेबलावर माझं वर्ष सार्थकी लागलं. बेदाण्याचे सौदे सुरू झाले की शाखेत पाय ठेवायला जागा नसायची. पासबुक आणि सात-बारा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून म्हातारे शेतकरी यायचे आणि म्हणायचे, "ताई, आमचं नवं-जुनं करून द्या." म्हणजे जुनं कर्ज भरायचं आणि त्याच बैठकीत नवं उचलायचं. मुदतीत भरलं तर केंद्राची तीन टक्के सवलत मिळते, वर राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना आहे. दोन्ही धरून तीन लाखांपर्यंतचं कर्ज बिनव्याजी पडतं. मुदत हुकली की हे सगळं जातं. दवाखान्यात अडकल्यामुळे चार दिवस उशिरा आलेले एक काका व्याजाचा आकडा ऐकून बाकावर बसले ते बराच वेळ उठलेच नाहीत. मग मी मुदत जवळ आलेल्या खातेदारांची यादी काढून घेतली आणि पंधरा दिवस आधीपासून एकेकाला फोन लावले. माझ्या वर्षातलं मला सगळ्यात मोलाचं वाटणारं काम तेच.

मैत्रिणीच्या बँकेत चित्र वेगळं. माणसं कमी, त्यामुळे तिला पहिल्या महिन्यातच सोनेतारणाच्या टेबलावर घेतलं. सराफ कसाच्या दगडावर दागिना घासायचे, वर आम्लाचा थेंब टाकायचे, आणि ती शेजारी बसून एकूण वजन आणि निव्वळ वजन लिहायची. खडे वजा, आत भरलेली लाख वजा. एकदा मंगळसूत्र आलं होतं. वाट्या वेगळ्या तोलायच्या म्हणून काळे मणी काढले, तेव्हा त्या बाई मान फिरवून भिंतीकडे बघत उभ्या राहिल्या. मुलाच्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी पैसे हवे होते. त्या रविवारी मैत्रिणीने भडंगाला हातही लावला नाही.

कर्ज मंजुरीच्या बैठकीत कागद पुरवायला ती बसायची. अर्जदाराचा धंदा, त्याची उधारी, जामीनदाराचं घर, सगळं संचालकांना तोंडपाठ. एवढ्या जवळून कर्जाचा निर्णय मला माझ्या शाखेत कधीच दिसला नाही. पण ओळखीवर कर्ज गेलं की वसुलीला तोंड उघडवत नाही, हेही तिने पाहिलं. आपल्या शेजारच्या जिल्ह्यात कराड जनता सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२० मध्ये रद्द केला. त्यामुळे काउंटरवर अजूनही लोक विचारतात, "पैसे सुरक्षित आहेत ना?" पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो, हे ती प्रत्येकाला शांतपणे समजावायची. अशा बँकेत जाणार असाल तर आधी तिचा वार्षिक अहवाल मागून घ्या आणि थकबाकीचा आकडा बघा. नेमणुकीचं पत्र हातात आल्याशिवाय रुजू होऊ नका, कारण तोंडी ठरलेल्या वर्षाचा दाखला पुढे मिळत नाही.

परीक्षेच्या बाजूने पाहिलं तर सरकारी बँकांच्या लिपिक पदासाठी वयाची अट २० ते २८ आहे, राखीव प्रवर्गांना सवलत आहे. म्हणजे एक वर्ष दिलं तरी फार बिघडत नाही. मात्र दिवसभर उभं राहून रात्री गणितं सोडवायला मला जड गेलं, पहिल्या प्रयत्नात मी पूर्वपरीक्षेतच अडकले. आता मुख्य परीक्षेची तयारी चालू आहे. मैत्रीण त्याच बँकेत कायम झाली आणि सहकार खात्याच्या जी.डी.सी. अँड ए. (सहकार आणि हिशेबाची पदविका) परीक्षेला बसतेय. सहकारात राहायचं असेल तर त्या पदविकेला वजन आहे.

माझा कौल विचाराल तर सरकारी परीक्षा द्यायचं पक्कं असेल तर अप्रेंटिसशिप घ्या, आणि निवड करता आली तर शहरातली शाखा सोडून तालुक्याची मागा. परीक्षेत मन नसेल आणि कर्ज कसं ठरतं हे शिकायचं असेल, तर सहकारी बँक तुम्हाला वर्षभरात जास्त देईल.

बहिणीने अप्रेंटिसशिप ठरवली आहे. रविवारी तिचा अर्ज भरायला बसणार आहोत. दहावीचं गुणपत्रक वर काढून ठेव म्हणून सांगितलंय, कारण त्यावर मराठी विषय असला की स्थानिक भाषेची चाचणी द्यावी लागत नाही.