कार्बन फायबरचा ट्रायपॉड: एका हिवाळ्याच्या वापरानंतर

दिवाळीच्या तोंडावर घेतलेल्या कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडबद्दल होळी होऊन गेल्यावरच लिहायचं ठरवलं होतं. दुकानाच्या फरशीवर सगळेच ट्रायपॉड भक्कम वाटतात. पहाटे साडेपाचला, बोटं गारठलेली असताना, हेडटॉर्चच्या उजेडात तो किती वेळात उभा राहतो आणि उभा राहिल्यावर वाऱ्यात किती हलतो, हे कळायला एक हिवाळा जावा लागतो.

माल असा आहे: वरची नळी २८ मिलिमीटर जाडीची, पाय चार टप्प्यांचे, लॉक फिरवून आवळायचे, मधला दांडा काढता येणारा, आणि सोबत आलेलं बॉलहेड, म्हणजे कॅमेरा हवा तसा वळवून आवळायचा वरचा गोळा. हेडसकट वजन १.६ किलोच्या आसपास, मिटल्यावर लांबी दीड फुटापेक्षा थोडी जास्त, किंमत अठरा हजारांच्या घरात. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या किमतीत तीन-चार नावांनी जवळजवळ हीच घडण विकली जाते. घडणीबद्दल वाचलेलं जास्त उपयोगी पडेल.

हल्लीच्या मिररलेस कॅमेऱ्यात सेन्सर स्थिर ठेवायची सोय असते, मग हे ओझं कशाला, असं ट्रेकच्या ग्रुपमध्ये नेहमी कुणीतरी विचारतंच. एरवी पाव सेकंदाचा फोटो हातातही निघतो कधीकधी. पण डिसेंबरच्या पहाटे कड्यावर अंगात हुडहुडी भरली की माणूसच थरथरतो, आणि ती थरथर कुठला सेन्सर आवरणार? शिवाय सूर्योदयाआधीच्या निळ्या उजेडात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० आणि लेन्सचं छिद्र एफ ११ ठेवलं की शटर काही सेकंदांवर जातं. माझ्यासाठी मात्र खरं कारण याहून साधं आहे. फ्रेम एकदा लावून ठेवली की हात खिशात घालून उभं राहता येतं, आणि हिवाळ्यातल्या लँडस्केपमध्ये बहुतेक वेळ उभंच राहायचं असतं.

सह्याद्रीत त्याचा कस लागला तो राजगडावर. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन झपाट्याने गार होते, गार हवा उतारावरून खाली दरीत जाऊन साचते आणि वर उबदार हवेचा थर बसतो. धरणांच्या पाण्यावरची ओल त्या थराखालीच अडकते. म्हणून सुवेळा माचीवरून सकाळी सातला खाली ढगांचा समुद्र दिसतो आणि ऊन चढलं की सगळं पांढुरकं होऊन जातं. अवकाळी पाऊस पडून गेल्यावरच्या निरभ्र पहाटेला तर हमखास जावं. दरीत हवा निश्चल असली तरी माचीच्या कडेला वारा असतोच. तिथे हा ट्रायपॉड पहिल्या तीन टप्प्यांवर अगदी घट्ट उभा राहतो. चौथा, सर्वांत बारीक टप्पा ओढला की मात्र दीडशे-दोनशे मिलिमीटरच्या लेन्सला थरथर दिसायला लागते. मधला दांडा वर काढणं तर विसराच. मी तो घरीच ठेवते, तेवढंच वजनही वाचतं. कॅमेऱ्याचा पट्टा काढून ठेवल्याने मात्र अपेक्षेपेक्षा जास्त फरक पडतो. फडफडणारा पट्टा सबंध कॅमेरा हलवतो.

खाली पिशवी अडकवायला हुक आहे. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर, जिथे वारा खालून वर येतो, तिथे त्याचा उपयोग झाला. पण पिशवी अधांतरी लटकवली तर ती झोके घेते आणि ट्रायपॉडलाही झोके देते. तिचा तळ जमिनीला टेकलेला हवा. तसंही कोकणकडा पश्चिमेला तोंड करून आहे. थंडीत सूर्य क्षितिजापर्यंत पोचायच्या आतच कोकणावरच्या धुरकटात विझून जातो. फेब्रुवारीत वणवे सुरू झाले की तर बोलायलाच नको. तिथले माझे चांगले फोटो सूर्य गेल्यानंतरचे आहेत, सगळे लांब एक्स्पोजरचे.

आता लॉकबद्दल, कारण या किमतीत लोक वजन बघतात आणि लॉक बघत नाहीत. फिरकीच्या लॉकचा आपल्याकडचा शत्रू बर्फ नाही, धूळ आहे. डिसेंबरपासून गवत पिवळं पडतं, वाटा सुटतात आणि मुरमाची बारीक पूड प्रत्येक सांध्यात जाऊन बसते. महिन्याभरात लॉक फिरवताना कर्रकर्र आवाज यायला लागला. उघडून पुसणं सोपं आहे, पण लॉकच्या आत प्लास्टिकच्या दोन अर्धगोल पट्ट्या असतात. नळी बाहेर ओढली की त्या टपकन खाली पडतात. वाळक्या गवतात पडल्या तर मिळायच्या नाहीत, तेव्हा हे काम घरी चादर अंथरूनच करावं. कोरड्या कापडाने पुसायचं, आट्यांवर अगदी पुसट ग्रीस लावायचं, आणि शिवणयंत्राचं तेल मुळीच घालायचं नाही. त्यावर धूळ आणखी चिकटते. जादा पट्ट्या मागवल्या होत्या, त्या यायला इतका वेळ लागला की मी त्यांचा नाद सोडला होता. खरेदी करतानाच एक जोड मागून घ्या.

चार टप्प्यांमुळे एक पेच कायम राहतो. भक्कमपणासाठी वरचे जाड टप्पे आधी उघडावेत आणि बारीक टप्पा आतच ठेवावा, हे बरोबर. पण तसं केलं की सर्वांत खालचं लॉक धुळीत किंवा बर्फात टेकतं. मी आता खालचा टप्पा वीतभर बाहेर काढते आणि बाकीची उंची वरच्या टप्प्यांतून घेते. तीन टप्प्यांच्या ट्रायपॉडला हा त्रास कमी. पण तो मिटल्यावर लांब होतो आणि कारवीतून जाताना सॅकच्या वर फांद्यांत अडकतो.

महाबळेश्वरला वेण्णा तलावाजवळ गवतावर दव गोठतं तेव्हा वर्तमानपत्रांत फोटो येतात. तापमान शून्याच्या वर असताना बर्फ कसा, असा प्रश्नही मग निघतो. हवेचं तापमान जमिनीपासून चार-पाच फुटांवर मोजलं जातं. निरभ्र रात्री गवताची पाती आणि गाड्यांचे टप उष्णता आकाशाकडे टाकून त्याहून बरेच गार होतात. हे फोटो अगदी खाली बसून काढायचे असतात. दांडा नसल्याने पाय पूर्ण फाकवून कॅमेरा जमिनीपासून वीतभर अंतरावर आणता आला, आणि इथे या घडणीला पूर्ण गुण. ऊन लागलं की अर्ध्या तासात सगळं वितळतं, त्यामुळे पाय फाकवायची कळ पटकन दाबली जाणं महत्त्वाचं. ती हातमोज्यांतही दाबता येते.

ताऱ्यांसाठी थोडंसंच. थंडीच्या मध्यरात्री आकाशगंगेचा गाभा दिसत नाही, त्यासाठी फेब्रुवारीअखेरची पहाट गाठावी लागते. पण मृग, व्याध आणि कृत्तिका किल्ल्यावर सुंदर येतात. लेन्सच्या काचेवर दव धरतं, म्हणून पॉवर बँकवर चालणारा गरम पट्टा लेन्सभोवती गुंडाळायचा. त्याची वायर लोंबकळू न देता ट्रायपॉडच्या पायाला वेलक्रोने बांधायची.

हिमाचलमधल्या स्पितीत फेब्रुवारीत गेलो ते शिमला, किन्नौर, नाको, ताबो या रस्त्याने, कारण कुंझुम खिंड हिवाळ्यात बंद असते. काझापासून वर लांगझा गाव ४,४०० मीटरच्या आसपास आहे आणि मागे चाऊ चाऊ कांग निल्दाचं ६,३०३ मीटरचं शिखर. सकाळी पारा उणे पंधराच्या खाली. कार्बनचे वाढीव पैसे इथे वसूल झाले, आणि ते वजनामुळे नाही. ॲल्युमिनियम हाताची ऊब भराभर ओढून घेतं. कार्बनचा पाय पातळ हातमोज्यांतूनही सहज धरता येतो. अर्थात कार्बनचाही एक दोष आहे. ॲल्युमिनियमला दगडाचा मार बसला तर पोचा पडतो, कार्बन तडकतो. गाडीच्या टपावर बांधायचा असेल तर दोनदा विचार करा.

सोबतच्या एकाचे लॉक दुसऱ्याच सकाळी गोठून बसले. कारण थंडीपेक्षा ऊब होती. दिवसभर बर्फात वापरलेला ट्रायपॉड रात्री बुखारीच्या (शेगडीने तापवलेल्या) खोलीत आणला की नळ्यांतला बर्फ वितळतो, पाणी लॉकमध्ये उतरतं आणि सकाळी बाहेर नेल्यावर तिथेच गोठतं. होमस्टेच्या काकूंनी पहिल्याच संध्याकाळी सगळ्यांना सांगितलं होतं, सामान बाहेरच्या ओसरीत ठेवा. माझा ओसरीत राहिला आणि रोज सुरळीत उघडला. कॅमेऱ्याचंही तसंच: आत नेण्याआधी बॅगेची चेन बाहेरच लावायची आणि तो खोलीइतका कोमट होईपर्यंत उघडायची नाही, नाहीतर काचेवर आणि आतही बाष्प धरतं. बॅटऱ्या आतल्या खिशात. गारठलेली बॅटरी संपल्यासारखी दाखवते, ऊब मिळाली की पुन्हा चालते.

भुसभुशीत बर्फात पाय आधी पूर्ण फाकवून वरून दाबू नका. बर्फ दबतो तसे पाय आणखी बाहेर जायला बघतात आणि सगळा ताण वरच्या सांध्यावर येतो. ट्रायपॉड तिथेच मोडतात. पाय अर्धवट मिटलेले ठेवून खुपसायचे, ते जाताना आपोआप जागेवर येतात. गोठलेल्या ओढ्यावर रबरी पाय घसरतात. रबर फिरवून आत सरकवलं की खाली पोलादी टोक निघतं, ते मात्र चांगलं रुततं.

एवढं कौतुक केल्यावर बॉलहेडवर यायलाच हवं. पुण्यात लोण्यासारखं फिरणारं हे हेड लांगझात जाम झालं. आतलं ग्रीस थंडीने घट्ट होतं, त्यामुळे गोळा आधी हलतच नाही आणि मग एकदम झटक्याने हलतो. बारीक फ्रेमिंग अशक्य. घर्षण कमीजास्त करायचा खटका वाटाण्याएवढा, तो जाड हातमोज्यांत हातालाच लागत नाही, आणि उणे पंधरात धातूला उघडं बोट लावायची माझी तयारी नव्हती. कॅमेरा हेडवर बसवायच्या प्लेटचा स्क्रूही अधूनमधून सैल होत राहिला. तो आवळायची ॲलन की (षटकोनी किल्ली) खिशात ठेवावीच लागते. खोक्यावर १२ किलो भार पेलतो असं छापलंय. हे आकडे मोजायची सगळ्या कंपन्यांना मिळून एकच पद्धत नाही, तेव्हा त्यावरून दोन ट्रायपॉडची तुलना करण्यात अर्थ नाही. माझा कॅमेरा आणि लेन्स मिळून दीड किलोही भरत नाही, तरी उभ्या फ्रेममध्ये आवळल्यानंतर हेड केसभर खाली झुकतं.

पाय मी ठेवणार आहे, हेड बदलणार आहे. फक्त सह्याद्रीत फिरणार असाल तर सोबतचं हेड चालून जाईल. पैसे कमी असतील तर ॲल्युमिनियमचे तीन टप्प्यांचे पाय घ्यावेत आणि वाचलेली रक्कम हेडवर घालावी, असं मी आता सांगेन. पायांना फोमची नळी गुंडाळली की थंडीचं बरंच भागतं. हिमालयात जायचा बेत असेल तर हेड बघायला जाताना जाड हातमोजे घेऊन जा आणि ते घालूनच प्रत्येक खटका फिरवून बघा, मे महिना असला आणि दुकानदार हसला तरी.