लेन्स बसली, १०,९५० रुपये गेले

आधी आकडे सांगून टाकतो, म्हणजे लाज एकदाच वाटून जाईल. लेन्स ९,८००, 'काच जपायला' यूव्ही फिल्टर ६५०, आणि दुकानाची स्वतःची सहा महिन्यांची 'वॉरंटी' ५००. एकूण १०,९५०. रोख.

कॅमेरा निकॉन डी३५००, आयुष्यातला पहिलाच. त्याच्याबरोबर आलेली १८-५५ लेन्स ट्यूबलाइटच्या उजेडात मान टाकते आणि भाचीचं बारसं पंधरा दिवसांवर आलेलं. म्हणून कमी उजेडातही चालणारी ५० एमएम एफ/१.८ लेन्स घ्यायला फोर्टातल्या एका दुकानात गेलो. मी बावळट नाही हो. दोन आठवडे व्हिडिओ बघितले होते. पण 'फिफ्टी घ्या' सगळे सांगतात, कुठली फिफ्टी ते कोणी धड सांगत नाही.

काउंटरवरच्या पोराने वापरलेली पण चकाचक लेन्स काढली. "निकॉनला निकॉनचीच बसते, साहेब." मग काउंटरखालून स्वतःचा जाडजूड कॅमेरा काढून तिला त्यावर चढवलं. खर्र आवाज आला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे लख्ख दिसले. "बघा, ऑटोफोकस. लिहिलंयच की, एएफ."

इथेच. इथेच मला कळायला हवं होतं! माझा कॅमेरा पायाशी पिशवीत होता. चेन अर्धी उघडलीसुद्धा. "माझ्यावर लावून बघू का?" तर म्हणतो, "इथली धूळ कशाला सेन्सरवर घालताय? घरी आरामात लावा." वांगी दाबून बघितल्याशिवाय न घेणारा मी, चेन परत लावली.

घरी लेन्स टक करून बसली. बटण अर्धं दाबलं, शांतता. वरची आकड्यांची रिंग फिरवली तर व्ह्यूफाइंडरमध्ये 'एफईई' लुकलुकायला लागलं, म्हणजे रिंग चुकीच्या आकड्यावर. रिंग २२ वर नेली की ते जातं, फोकस मात्र हातानेच.

कारण असं. निकॉनचा एफ माउंट, म्हणजे लेन्स अडकवायची जागा, १९५९ पासून तोच, त्यामुळे लेन्स बसते. पण माझ्या वाट्याला आलेल्या जुन्या 'एएफ डी' लेन्समध्ये फोकसची मोटर नसते, तिला कॅमेऱ्यातली मोटर फिरवते. डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांत ती नाही. डी७२०० सारख्यांत आहे. त्या पोराने काउंटरखालून कुठल्या जातीचा कॅमेरा काढला असेल ते ओळखा. आपल्याला नावात 'एएफ-एस' किंवा 'एएफ-पी' लागतं, नुसतं 'एएफ' नाही. लेन्सच्या पाठीमागे धातूच्या कड्यात खाचेचा बारीक स्क्रू दिसला आणि शेजारी 'एएफ-एस' नसलं, तर ठेवा परत. 'एएफ-पी' घेताना उलटी गंमत, डी३२०० सारख्या जुन्या कॅमेऱ्यावर ती फोकसच करत नाही. कॅनन ईएफवाल्यांची या मोटरच्या भानगडीतून सुटका आहे, पण मिररलेस कॅमेऱ्यांसाठीची आरएफ लेन्स त्यांच्या डीएसएलआरवर बसत नाही, कोणी काही म्हणो.

बारशाचे १८० फोटो काढले. पाळण्याची झालर स्पष्ट, बाळ धुक्यात. शिवाय डी३५०० च्या छोट्या सेन्सरवर ५० ची चौकट ७५ एमएमसारखी अरुंद दिसते, हॉलच्या भिंतीला पाठ टेकली तरी आत्या अर्धीच यायची. घरात ३५ एमएम बरी पडली असती. हेही कोणी बोललं नाही.

परत गेलो तर, "लेन्समध्ये दोष काय आहे, दाखवा ना?" ४,००० ला परत घ्यायला तयार. नाहीतर ३,२०० चा अ‍ॅडॉप्टर, 'लावला की मोटर सुरू'. या कॅमेऱ्यासाठी असा अ‍ॅडॉप्टर नसतो, देऊ नका पैसे.

मग पोलीस चौकी. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी हवालदारांनी लेन्स हातात घेऊन डोळ्याला लावली आणि म्हणाले, "दिसतंय की." तिसऱ्या दिवशी, "माल मिळाला ना? मग फसवणूक कसली? हा दिवाणी मामला." अर्ज घेतला, पोच नाही. मागितली तर म्हणे झेरॉक्सवाला जेवायला गेलाय! व्यापाऱ्यांच्या संघटनेत गेलो तर तिथे चहा मिळाला आणि 'तुम्ही शिकलेले दिसता, बघून घ्यायचं ना' हे ऐकवलं. म्हणजे शिकलो हाही माझाच गुन्हा.

जिल्हा ग्राहक आयोगात मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही, तक्रार ऑनलाइन भरता येते. ती भरायला बसलो आणि बिल काढलं. त्यावर फक्त 'लेन्स, १ नग'. मॉडेल नाही, सिरीयल नंबर नाही. दोन्ही लिहून घेतल्याशिवाय पैसे काढू नका, आणि रोख तर नकोच. तरी भरली तक्रार.

ताई रोज बारशाचे फोटो मागते. 'एडिटिंग चालू आहे' सांगतोय.