कंपनीचं पाळणाघर, एक अख्खा पावसाळा वापरून झाल्यावर

लोटे एमआयडीसीत कामाला असलेल्या आणि घरी तीन वर्षांच्या आतलं पोर असलेल्या लोकांसाठी लिहितोय, कारण मी कंपनीचं पाळणाघर घेताना विचारायला कोणी नव्हतंच, आमच्या प्लांटवर बहुतेकांची पोरं आजीकडे नाहीतर बायको घरी. माझी बायको झेडपीच्या शाळेत, शाळा गुहागर तालुक्यात, मी लोट्यातल्या केमिकल कंपनीच्या लॅबला जनरल म्हणजे दिवसाची शिफ्ट, राहायला चिपळूण. आई गावाला असते, पण लावणीच्या दिवसात तिला शेत सोडून इकडे ये म्हणायची आमच्यात कोणाची हिंमत नाही.

तर कंपनीने दोन पर्याय दिले होते, एक म्हणजे लोट्यातलं टाय-अप असलेलं पाळणाघर, फी कंपनी भरणार, आणि दुसरा म्हणजे तुम्ही कुठेही ठेवा, बिल द्या, ठरावीक रक्कम पगारात येईल. सगळ्यांनी सांगितलं दुसरं घे, चिपळुणात घराजवळ ठेव, पोरीला रोज कशाला घाटातून नेतोस. मी उलटं केलं आणि त्याचं कारण चिपळूण आणि लोट्याच्या मधला परशुराम घाट. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा जो जिथे होता तो तिथेच अडकला हे इथे कोणाला सांगायला नको, नंतर 2022 ला घाट बंद असायचा तेव्हा आंबडस-चिरणीवरून लांबचा फेरा पण सगळ्यांनी मारलाय. पोरगी घाटाच्या खाली आणि मी वर, मध्ये दरड, असं व्हायला नको एवढंच डोक्यात होतं. या पावसाळ्यात एकदा संध्याकाळी घाटात गाड्या अडकून पडल्या तेव्हा ती माझ्या मागच्या सीटवर बिस्किट खात होती, मला तेवढ्यानेच पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं (पैसे कंपनीचे असले तरी).

पण याची एक किंमत आहे जी एचआर सांगत नाही. कंपनीच्या बसमध्ये मूल चालत नाही, इन्शुरन्सचं कारण देतात. म्हणजे रोज आपली गाडी, आपलं पेट्रोल. फी वाचते त्यातला चांगला वाटा तिथेच जातो, आणि बाइकवरून न्यायचा विचार पावसात करूच नका.

पाळणाघर कंपनीच्या आत नाही, आणि नाही तेच बरं, सॉल्व्हंटच्या टाक्यांच्या शेजारी पोरं कोण ठेवणार. गेटपासून चालत पाचेक मिनिटांवर एका बंगल्यात आहे, आणखी दोन-तीन कंपन्यांची पोरं तिथेच असतात. केंद्र सरकारच्या 2018 च्या गाइडलाइनमध्ये 500 मीटरच्या आत असं म्हटलंय, त्यात ते बसतं. वारा फिरला की वास मात्र तिथेही येतो, मग मावश्या खिडक्या लावून घेतात, बाकी काही उपाय नाही.

मावश्यांबद्दल वाईट बोलायला जागाच नाही. सकाळी पेज, मग नाचणीचं सत्त्व, दुपारी वरणभात, सगळं शाकाहारी, आमची बया गावाला काटे काढलेली सुरमई मागून खाणारी म्हणून मला काळजी होती पण तिथे गपचूप जेवते, घरी आल्यावर नखरे करते. कपड्यांचं सांगतो, ते नवीन लोकांना कळत नाही. जुलैमध्ये इथे काही म्हणजे काही सुकत नाही, दोन जोड द्या म्हणतात पण पाच द्या. आतल्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत दोऱ्या बांधल्यात, त्यावर सगळ्यांच्या चड्ड्या आणि दुपटी, प्रत्येकाच्या कोपऱ्यावर वेगळ्या रंगाच्या धाग्याचा टाका, आमचा हिरवा, आणि खाली टेबलफॅन उलटा करून वर तोंड केलेला. लाइट गेली की इन्व्हर्टरवर तो एकच फॅन चालतो, त्यामुळे पोरं आधी की कपडे आधी असा रोजचा प्रश्न. असल्या गोष्टी पाळणाघराच्या अ‍ॅपवर येणाऱ्या फोटोत दिसत नाहीत, जाऊन बघा.

आता तक्रार. मोठी तक्रार रेड अलर्टची. जिल्हाधिकाऱ्यांनी शाळांना सुट्टी जाहीर केली की पाळणाघर पण बंद, आणि कंपनी चालू, कारण प्लांट कंटिन्युअस आहे, पावसासाठी थांबत नाही. मेसेज येतो रात्री उशिरा, कधी पहाटे. बायकोची पण शाळा त्या दिवशी बंद असते म्हणून आमचं निभावलं, पण जिथे नवरा-बायको दोघंही एमआयडीसीत आहेत तिथे एकाची रजा गेलीच समजा. पाळणाघरवाल्या ताईंना दोष देणार नाही, मावश्या पण आजूबाजूच्या गावातून पऱ्ह्या (ओढे) ओलांडून येतात. पण कंपनीने करारात याचा विचारच केलेला नाही, मुंबईच्या ऑफिसातून आलेला फॉरमॅट जसाच्या तसा वापरलाय असं दिसतं.

दुसरी तक्रार बापांची. आधी फॅक्टरी अ‍ॅक्ट 1948 प्रमाणे 30 पेक्षा जास्त बायका कामाला असतील तरच पाळणाघर लागायचं, त्यामुळे आमच्यासारख्या सगळे पुरुषच असलेल्या कंपन्या सुटायच्या. 2017 ला मॅटर्निटी बेनिफिट कायद्यात बदल झाला आणि 50 माणसं असली की पाळणाघर आलं, त्यात पुरुष पण मोजले जातात. म्हणजे आकडा भरायला आम्ही चालतो, पण दिवसातून चार वेळा जाऊन मुलाला बघायची सवलत फक्त आईला. कंपनीने मला पाळणाघर दिलं हे तिचं चांगलं, त्याबद्दल वाद नाही, पण गेटवर पास मागितला की टाइम ऑफिस (हजेरी बघणारे) तो शॉर्ट लीव्हमध्ये टाकतं. अंगावर पिणारं बाळ असेल तर आईला जावंच लागतं, ते सोडा, पण ताप आलाय म्हणून मावशींचा फोन आल्यावर मी सिक्युरिटीशी हुज्जत का घालायची? दोनदा लेखी दिलंय, बघतो म्हणाले.

आणि हो, तापाचं. नाक वाहत असेल तर घेतात, ताप असेल तर घेत नाहीत, पहिल्या दोन महिन्यात पोरगी सारखी आजारी पडते हे धरून चाला. बायकोने तेव्हा बालसंगोपन रजा वापरली, राज्य सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना 2018 पासून अख्ख्या नोकरीत 180 दिवस मिळते, झेडपी शिक्षिकांना पण आहे. घरात एक जण सरकारी असेल तर ती रजा या दोन महिन्यांसाठी राखून ठेवा, बारशा-मुंजीत घालवू नका.

मी चालू ठेवतोय. दोघंही चिपळुणातच कामाला असाल तर हा आटापिटा करू नका, पैशाचा पर्याय घ्या आणि घराजवळ ठेवा, ती रक्कम पगारात धरून टॅक्स कापतात तेवढं लक्षात घ्या. शिफ्टमध्ये असाल तर याचा काही उपयोग नाही, सहाला कुलूप लागतं आणि सेकंड शिफ्ट सुटते रात्री. आणि घ्यायचंच असेल तर एचआरला मे महिन्यात गाठा, मोठी पोरं जूनला बालवाडीत जातात तेव्हाच काय त्या जागा सुटतात, नंतर गणपतीपर्यंत नुसतं वेटिंग.