कास्ट आयर्न बुलेटचं कार्बोरेटर किट: फटाके थांबतात का?

जुनी बुलेट सायलेन्सरमधून फटाके फोडायला लागली, की पहिला सल्ला ठरलेला असतो: "कार्बोरेटरचं किट टाका." पुण्यात नाना पेठेत किंवा दिल्लीच्या करोल बागेत व्हीएम 24 मिककार्बचं (या गाडीच्या कार्बोरेटरचं) किट, म्हणजे आतल्या झिजणाऱ्या भागांचा संच, काही शे रुपयांत मिळतं. ऑनलाइनही भरपूर आहेत. हे परीक्षण अशा सुट्या, बिनकंपनीच्या किटचं आहे, आणि गाडी आहे रॉयल एनफिल्डची पॉइंट्सवाली (उघड-मिट करणाऱ्या यांत्रिक संपर्कांवर ठिणगी पाडणारी) 350 कास्ट आयर्न, म्हणजे जुन्या ओतीव लोखंडी इंजिनाची: सिलिंडर 70 बाय 90 मि.मी., 346 सीसी.

किटमधला माल बरा आहे. पण फटाक्यांसाठी म्हणून घेतलं, तर बहुतेक वेळा पैसे वाया जातात. कारण किट कार्बोरेटरच्या आतलं सामान देतं, आणि पॉइंट्सवाल्या गाडीचा दोष बऱ्याचदा कार्बोरेटरच्या बाहेर असतो.

म्हणून दुकानात जाण्याआधी आवाज कुठून येतोय ते ऐका. उतारावर रेस सोडल्यावर सायलेन्सरमधून फाट-फाट येत असेल, तर न जळलेलं पेट्रोल पाइपात जाऊन पेटतंय. मिश्रण स्लोला (रेस बंद असताना) लीन, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त असं आहे, किंवा बेंड पाइप हेडमध्ये बसतो त्या सांध्यातून बाहेरची हवा आत शिरतेय. सांध्याभोवती काळा काजळीचा पट्टा दिसला तर आणखी शोधाशोध नको, आधी तो सांधा बंद करा. आवाज कार्बोरेटरच्या तोंडातून, ठसका लागल्यासारखा येत असेल तर प्रकरण वेगळं: मिश्रण फार लीन, टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) फार पुढे, किंवा इनलेट व्हॉल्व्ह नीट बसत नाही. किक उलटी मारत असेल तर टायमिंगवरचा संशय पक्का धरा.

तिसरा प्रकार नुसत्या गचक्यांचा. गाडी 10-15 मिनिटं छान चालते, मग गुदमरते, थोडं थांबलं की पुन्हा सुरू होते. इथे आधी टाकीचं झाकण उघडून बघा. उघडताच गाडी सुधारली, तर झाकणाचं हवेचं छिद्र बुजलंय आणि टाकीत निर्वात तयार होतोय. खर्च शून्य. झाकण निर्दोष निघालं तर गरम झाल्यावर दगा देणारे दोन भाग उरतात, कंडेन्सर (पॉइंटवर ठिणगी उडू न देणारा) आणि इग्निशन कॉइल (प्लगसाठी जोरदार वीज बनवणारी).

आता पॉइंट्स. बॅरलमागे उजव्या बाजूला गोल टोपीखाली ते बसतात. पूर्ण उघडल्यावर गॅप 0.35 ते 0.40 मि.मी. हवा, फिलर गेजने (ठरलेल्या जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजलेला. नखाने अंदाज घेऊन चालत नाही. टायमिंग त्यानंतरच लावायचं, कारण गॅप बदलला की टायमिंगही सरकतं. गॅप वाढला तर पॉइंट लवकर उघडतो आणि टायमिंग पुढे जातं. फायबरची टाच कोरड्या कॅमवर घासून झिजली की गॅप मिटत जातो, टायमिंग मागे पडतं, इंजिन तापतं आणि सायलेन्सर वाजतो. कॅमवर ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवला की ही झीज टळते. ग्रीस जास्त झालं तर मात्र पॉइंटवर उडतं आणि मिसफायरचं नवंच कारण तयार होतं.

टायमिंगचा आकडा: ॲडव्हान्स युनिट (वेग वाढला की टायमिंग पुढे नेणारा भाग) पूर्ण मागे असताना, पिस्टन वरच्या टोकाला पोचायच्या 0.8 मि.मी. आधी पॉइंट उघडायला हवा. त्यासाठी टायमिंग लाइट लागत नाही, हेडलाइटवरचा अँमीटर (विजेचा प्रवाह दाखवणारा) पुरतो. इग्निशन चालू करून इंजिन हळू फिरवा. पॉइंट मिटलेला असताना सुई डिस्चार्जकडे झुकते, उघडला की मध्यावर येते. सुई हललीच नाही, तर पॉइंट मळलेत किंवा मिटतच नाहीत. चालत्या गाडीत गचका आणि सुईची उडी एकाच वेळी होत असेल, तर कार्बोरेटरला हातही लावू नका. इग्निशन स्विच आणि त्याच्या वायरींचे सांधे तपासा.

पॉइंट्सच्या प्लेटखालचं ॲडव्हान्स युनिट तर फार कमी लोक उघडून बघतात. त्यातल्या वजनांच्या स्प्रिंगा सैल पडल्या किंवा वजनं गंजून पुढेच अडकली, तर स्लोला गाडी कार्बोरेटरमधून ठसकते आणि किक पायावर येते. पॉइंटचा कॅम बोटाने फिरवून सोडा, तो झटकन परत आला पाहिजे.

कंडेन्सर तपासायला वर्कशॉप नको. अंधारात टोपी काढून इंजिन चालवा. पॉइंटवर जाड, पिवळसर ठिणगी नाचत असेल तर कंडेन्सर गेलाय. नवा कंडेन्सर तात्पुरता बाहेरून वायरीने जोडा (जुना आधी सुटा करून), त्याची बॉडी इंजिनला टेकवा आणि चक्कर मारा. प्लगचा गॅप 0.5 मि.मी.च्या आसपास ठेवा. आधुनिक गाड्यांसारखा वाढवला तर ही कॉइल चढावर दम टाकते.

व्हॉल्व्हचं काम थंड इंजिनावर. कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर (पिस्टन सर्वात वर, दोन्ही व्हॉल्व्ह बंद) दोन्ही पुशरॉड, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे दांडे, बोटांनी सहज फिरावेत, पण वर-खाली हलू नयेत. घट्ट झाले तर गरम इंजिनात व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि ज्वाला इनटेकमध्ये येते. डीकॉम्प्रेसरची (सिलिंडरमधला दाब सोडणाऱ्या छोट्या व्हॉल्व्हची) केबलही थोडी ढिली हवी. ताणून बसवलेली केबल कॉम्प्रेशन गळतं ठेवते आणि त्याचा आवाज फटाक्यांसारखाच येतो.

शेवटचा तपास कार्बोरेटर आणि हेड यांच्यामधल्या सांध्याचा. स्लोला चालत्या इंजिनावर सांध्याभोवती साबणाचं पाणी टाका. इंजिनाचा आवाज बदलला तर तिथून हवा शिरतेय. कार्ब क्लीनरच्या फवाऱ्याने हे लवकर कळतं, पण तापलेल्या पाइपाजवळ तो प्रयोग नकोच. आणि गंमत बघा, ज्या सांध्यातून सर्वात जास्त गळती होते, त्याचं पॅकिंग तपासलेल्या किटमध्ये नाहीच! ते वेगळं घ्यावं लागतं. किटची सर्वात मोठी उणीव हीच.

एवढं सगळं ठीक असूनही त्रास उरला, तर किट घ्या. दोष कुठल्या भागात आहे ते रेसच्या मुठीवर चिकटपट्टीच्या खुणा करून ठरवता येतं. बंद रेसपासून पहिल्या आठव्या हिश्शापर्यंत पायलट जेटचं राज्य (जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा पितळी तुकडा), पाव ते पाऊण रेस नीडल (जेटमध्ये वर-खाली होणारी निमुळती सुई) आणि नीडल जेटची, त्यापुढे मेन जेट. आठवा हिस्सा ते पाव या मधल्या टप्प्यात स्लाइडचा (रेसबरोबर वर-खाली होणाऱ्या झडपेचा) कापही हात घालतो.

किटमध्ये फ्लोट नीडल आणि तिची सीट, पायलट जेट, मेन जेट, जेट नीडल, ओ-रिंगा, फ्लोट चेंबरचं (पेट्रोल साठतं त्या कप्प्याचं) पॅकिंग आणि एअर स्क्रूची (स्लोची हवा कमी-जास्त करणाऱ्या स्क्रूची) स्प्रिंग एवढा माल येतो. फ्लोट नीडल (चेंबर भरला की पेट्रोल बंद करणारी सुई) सर्वात उपयोगी. जुन्या नीडलच्या टोकावर गोल खाच पडली की पेट्रोल वाहतं, प्लग काळा पडतो आणि गाडी भकभक करते. पॅकिंगही नीट कापलेलं आहे. जेटबाबत मात्र सावध राहा. पितळेवर छापलेला नंबर जुन्या जेटशी जुळला तरी छिद्र तेवढंच असेल याची खात्री या वर्गातल्या मालात धरता येत नाही. जुना जेट शाबूत असेल तर तो पेट्रोलमध्ये भिजवून हवेने फुंकून पुन्हा वापरा. छिद्रात स्टीलची तार घालू नका, वायरीतला तांब्याचा एक केस पुरे. नीडल बदलण्याआधी जुन्या नीडलचा क्लिप कोणत्या खाचेत आहे ते लिहून ठेवा.

किटच्या आवाक्याबाहेरची झीज दोन ठिकाणी असते. आधीच्या कुणी एअर स्क्रू करकचून आवळला असेल तर बॉडीतली त्याची जागाच बिघडते, मग कितीही नवा स्क्रू लावा, स्लो लागत नाही. दुसरी म्हणजे स्लाइड. ती बॉडीत खडखडत असेल तर हवा बाजूने शिरते आणि स्लो वर-खाली होत राहतो. तिथे नवं कार्बोरेटर हाच उपाय.

ओ-रिंगांबद्दल तक्रार आहे. पाकिटावर रबराचा प्रकारच छापलेला नाही, आणि आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. साधं रबर त्यात फुगतं किंवा कडक होतं, म्हणून व्हिटॉनच्या (इंधनाला टिकणाऱ्या रबराच्या) रिंगा सुट्या घेतलेल्या बऱ्या. इथेनॉलचा दुसरा परिणाम थेट फटाक्यांशी जोडलेला आहे. शुद्ध पेट्रोलला वजनाने साधारण 14.7 पट हवा लागते, या मिश्रणाला साधारण 13.5 पट. जेट तेच राहिले तर मिश्रण 8 टक्क्यांच्या आसपास लीन होतं. म्हणजे किटमधले मूळ नंबरचे जेट बसवून गाडी मूळ सेटिंगला आणली, तरी आजच्या पेट्रोलवर ती ठसकू शकते. नीडलचा क्लिप एक खाच खाली घ्या, म्हणजे नीडल वर येते आणि मधल्या रेसला पेट्रोल वाढतं. कोकणात पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर फ्लोट चेंबर रिकामा करूनच ठेवा. इथेनॉल ओलावा ओढून घेतं आणि तळाशी पाणी साचतं.

बसवल्यानंतर एअर स्क्रू हलक्या हाताने तळाला टेकवून दीड फेरा बाहेर घ्या. इंजिन पूर्ण गरम करा, मग पाव-पाव फेऱ्याने फिरवत स्लोचा वेग सर्वात जास्त होतो ती जागा शोधा. या कार्बोरेटरमध्ये स्क्रू आत घेतला की मिश्रण रिच होतं (पेट्रोल वाढतं), बाहेर काढला की लीन. उतारावरचे फटाके उरले असतील तर तिथून पाव फेरा आत घ्या. अडीच फेऱ्यांच्या बाहेर जावं लागत असेल तर पायलट जेट मोठा आहे, एका फेऱ्याच्या आतच थांबावं लागत असेल तर तो लहान आहे किंवा अजून बुजलेला आहे.