लाँगकोट शेफर्ड आणि नागपूरचा उन्हाळा: रेक, स्लिकर, ब्लोअर पूर्ण सीझन वापरल्यावरचा अनुभव

ज्यांना सगळं वाचायचा कंटाळा असेल त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगून टाकतो. अंडरकोट रेक, म्हणजे आतले मऊ केस ओढून काढणारा दाताळा, घ्याच, स्टीलचा कंगवा घ्याच, बजेट असेल तर कुत्र्यांसाठीचा जोराच्या हवेचा ब्लोअर घ्या, डीशेडिंग ब्लेडवर पैसे घालू नका, आणि उन्हाळा आला म्हणून कुत्र्याला झिरो मशीन तर अजिबात मारू नका.

आता सविस्तर. आमचा ब्रूनो, लाँगकोट जर्मन शेफर्ड, अडतीस किलोचा, घर नागपुरात आणि तेही वरच्या मजल्यावर, म्हणजे एप्रिलपासून स्लॅब रात्री अकरापर्यंत आग ओकतो. विकणारे लोक याला डबल कोट, म्हणजे वर लांब केस आणि आत मऊ अंडरकोट, म्हणून जास्त पैसे घेतात पण अंडरकोट तर आखूड केसांच्या शेफर्डलाही असतोच, त्यामुळे हे सगळं त्यांनाही लागू, गोल्डन, हस्की, स्पिट्झवाल्यांनाही थोड्याफार फरकाने.

फेब्रुवारी संपता संपता याचा कोट सुटायला लागतो. वरचे लांब, जाड केस फारसे गळत नाहीत, गळतो तो आतला मऊ थर, आणि तो सुटला तरी बाहेर पडत नाही, वरच्या केसांमध्ये अडकून तिथेच बसतो. खरी गडबड ही आहे. त्या मेलेल्या केसांचा कातडीजवळ जाड थर तयार होतो, हवा आत जात नाही, अंघोळीचं पाणी आत गेलं की सुकत नाही, आणि मग कानामागे, काखेत, मागच्या मांड्यांच्या झुबक्यात गाठी होतात. वरून हात फिरवला तर कुत्रा एकदम गुळगुळीत लागतो म्हणून लोकांना वाटतं सगळं ठीक आहे. केस बाजूला करून कातडी दिसते का बघा, नसेल दिसत तर आत गुंता आहे.

रेक. मी गोल टोकाच्या दातांचा, दात जागेवर फिरतात तो घेतला, पाचशे रुपयांच्या आतला. पहिल्यांदा चालवला तेव्हा सावरीची उशी फाटल्यासारखा कापूस निघाला, आई म्हणाली आता दुसरा कुत्रा बनेल यातून. सीझनमध्ये एक दिवसाआड, एका वेळी वीसेक मिनिटं, त्यापेक्षा जास्त ब्रूनो बसत नाही आणि बसवूही नये. पद्धत महत्त्वाची आहे, वरवर ओढून काही होत नाही, एका हाताने केस वर धरायचे, खालून एक ओळ मोकळी करायची, केस वाढतात त्या दिशेने हलक्या हाताने ओढायचं, मग वरची ओळ. जोर लावला तर कातडी लाल होते. पाठ आणि मान याला आवडते, मांड्यांना हात लावला की उठून जातो, तिथे साध्या खाऊवर भागत नाही म्हणून उकडलेल्या चिकनचे तुकडे ठेवतो.

रेकची तक्रार एकच, फिरणाऱ्या दातांच्या मुळाशी बारीक केस गुंडाळले जातात, दोन-तीन महिन्यांत काही दात फिरायचे बंद झाले. सुईने काढत बसावं लागतं. ओल्या कुत्र्यावर वापरून तसाच ठेवला तर गंजही धरतो.

स्लिकर ब्रश म्हणजे बारीक वाकड्या तारांचा. शेपटी आणि पायांच्या झालरीला छान, पण अंगाला याचा फारसा उपयोग नाही, आणि तारा आपल्या मनगटावर घासून बघा मग कळेल कुत्रा का पळतो ते. आमच्याकडच्याच्या कडेच्या तारा वाकल्या आहेत. चालतंय.

स्टीलचा साधा कंगवा, एका बाजूला विरळ दात एका बाजूला दाट, सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खरं बोलणारी वस्तू. सगळं झाल्यावर कंगवा कातडीपर्यंत जाऊन न अडकता बाहेर आला तर काम झालं, अडकला तर नाही. गाठ सापडली तर टोकाकडून थोडी थोडी सोडवायची. कात्रीने कापायची घाई नको, गाठीत कातडी ओढलेली असते आणि काखेची कातडी फार पातळ.

डीशेडिंग ब्लेड, व्हिडिओत ढीगभर केस निघताना दाखवतात ते. ढीग खरंच निघतो, खोटं नाही. पण त्याला धार असते, थोड्याच वेळा वापरून पाठीवरच्या वरच्या केसांची टोकं तुटल्यासारखी, खरखरीत दिसायला लागली. आखूड केसांच्या लॅबला कदाचित ठीक, लांब केसांवर मी तरी परत नाही चालवणार.

ब्लोअर सगळ्यात महाग, पाच आकडी नाही पण जवळ जातो, आणि बायकोने किंमत ऐकून दोन दिवस टोमणे मारले. तरी आता विचाराल तर रेकनंतर सगळ्यात कामाची वस्तू हीच. आपला हेअर ड्रायर गरम हवेने सुकवतो, हा जोराच्या हवेने पाणी आणि सुटलेला अंडरकोट दोन्ही ढकलून बाहेर काढतो. हीटर बंद ठेवायचा, उन्हाळ्यात मोटरचीच हवा पुरेशी कोमट होते. आवाज भयंकर आहे, आधी कितीतरी दिवस लांब चालू ठेवून खाऊ देत देत सवय केली, तोंडावर आणि कानात कधीच मारायचा नाही. आणि गच्चीवर करा, घरात केलं तर केस वरणात सापडतील. अंघोळीच्या आधी विंचरायचं बरं का, गाठ ओली झाली की आवळते.

आता मशीनबद्दल. रस्त्यात रोज कोणी ना कोणी म्हणतंच, बाप्पा, एवढ्या उन्हात त्याला काहून एवढे केस ठेवले भौ, काढून टाका ना. पार्लरवाल्यानेही हेच सुचवलं होतं. आमच्या डॉक्टरांनी मात्र त्याला स्पष्ट नकार दिला. वरचे केस थेट ऊन कातडीवर पडू देत नाहीत, आणि पूर्ण काढले तर परत येताना आधी मऊ अंडरकोट येतो, वरचा कोट ठिगळांसारखा, कधी वर्षभराने, काही कुत्र्यांत नीट येतच नाही, स्पिट्झ, पॉम, हस्कीत हा त्रास जास्त. ऑपरेशन, कातडीचा आजार किंवा सगळं अंग जटांनी भरलंय तर गोष्ट वेगळी. आम्ही फक्त पंजांच्या गाद्यांमधले आणि शेपटीखालचे केस छाटतो.

पण एक गोष्ट प्रामाणिकपणे. कोट म्हणजे आतून एसी आहे असं काही लोक लिहितात, तसं काही नसतं. कुत्र्याला घाम फक्त पंजांना येतो, तो गार होतो धापा टाकून, आणि ४५ डिग्रीच्या गरम हवेत धापा तरी किती टाकणार. विंचरल्याने हवा आत जाते, एवढंच. बाकी काम कूलरचं. आमच्याकडची हवा कोरडी म्हणून कूलर मस्त चालतो, मुंबई-कोकणातल्या दमटात तो भरवसा नाही. फिरणं पहाटे साडेपाचला आणि रात्री उशिरा, तेही डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघूनच. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यात तापणाऱ्या नऊ दिवसांत, तर दुपारी गच्चीचं दारही उघडत नाही. पोट आणि पंजे ओले करतो. धाप थांबतच नाही, लाळ घट्ट, हिरड्या लालभडक, चालताना झोकांड्या, असं दिसलं तर लगेच नळाचं साधं पाणी आणि पंखा, आणि तसंच ओलं घेऊन डॉक्टरकडे.

न सांगितलेला फायदा म्हणजे गोचीड. ओळ ओळ मोकळी करत गेलं की कानामागची, बोटांमधली गोचीड वेळेत सापडते, आणि इकडे टिक फिव्हरच्या, म्हणजे गोचिडीमुळे होणाऱ्या तापाच्या, केसेस किती असतात ते कुठल्याही व्हेटच्या बाकावर बसून बघा. डॉक्टरांनी दिलेलं औषध त्यामुळे बंद करायचं नाही, दोन्ही पाहिजे.

पाऊस सुरू झाल्यापासून रेक आठवड्यातून एकदाच लागतो, ब्लोअर मात्र भिजून आला की प्रत्येक वेळी, कारण आतून ओला राहिला तर एका रात्रीत ओला लाल चट्टा उठतो आणि तो चाटून चाटून वाढवतो. दिवाळीच्या आधी कोट परत सुटेल, त्यासाठी दुसरा रेक मागवलाय, यावेळी न फिरणाऱ्या दातांचा.